हिरव्या दिव्यावर थांबणारे दिगंबरराव

दिगंबरराव वकीलसाहेबांची आणि माझी पहिली भेट कोर्टात झाली. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी होतो आणि उलटतपासणी ते घेत होते. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात असली आठवण शोभते की नाही, मला अजून कळत नाही.

हिंगोलीच्या एका चौकात तेव्हा नवा सिग्नल लागला होता. मी नुकताच वकिलीची परीक्षा पास होऊन काकांची कार मिरवत होतो. माझा दिवा हिरवा झाला, मी निघालो आणि जवळा बाजारच्या माणिकरावांची प्रवासी जीप आडवी येऊन धडकली. माझा हात मोडला. त्यांचा दिवा लाल होता, म्हणून खटला त्यांच्यावर झाला. शिक्षा झाली असती तर लायसन जाणार होतं, आणि जीपवरच त्यांचं घर चालत होतं.

माणिकराव कोर्टात म्हणाले, "साहेब, दिव्याचं आमाला काय कळते? जमादारानं हात केला, मी निघालो." आमच्याकडे तेव्हा दिव्यापेक्षा हाताला मान होता, आणि कायदाही पोलिसाचा इशारा दिव्याच्या वर मानतो. पण जमादार शपथेवर म्हणाले, "म्या तर शेळ्या हाकलून राहिलो होतो." झालं! माझा हिरवा दिवा खरा, त्यांनी पाहिलेला हात खरा, शेळ्याही खऱ्या. मग चूक कोणाची?

दिगंबररावांनी आवाज चढवला नाही. "जीप येताना तुम्हाला दिसली का?" एवढंच विचारलं. 'दिसली, भरधाव येत होती' असं सांगायला मला पढवलं होतं. मी गोंधळलो आणि खरं बोलून बसलो, "नाही. मी दिव्याकडेच बघत होतो."

जीप भरधाव होती हे शाबीतच झालं नाही आणि माणिकराव सुटले. मला भयंकर राग आला. त्याच संध्याकाळी दिगंबरराव डाळिंबं घेऊन आमच्या घरी आले. म्हणाले, "चूक कोणाची, ते मलाही धड कळलं नाही. पण तुमी खोटं बोलले असते तर त्या माणसाचं वाटोळं झालं असतं. सोमवारपासून माझ्याकडं या." मी गेलो, तो आजही तिथेच आहे.

अजूनही हिरवा लागला तरी सर ब्रेकवरचा पाय काढत नाहीत. मागून हॉर्न वाजतात, शेजारी बसलेला मी ओशाळतो. "निघायचं का, सर?"

"थांबा. समोरचा काय समजून राहिला, ते बघू द्या."

सर, तुम्हाला निरोगी शंभरी लाभो. सावकाश निघा. मागच्यांना मी थांबवतो.