लाल पाटी

सेक्टर सहाच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करणारे काका स्टील प्लांटमधून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालेत. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांचा एक पाय सारखा हलत असतो, पण शिस्त प्लांटचीच. मेमरी कार्ड पुसण्याआधी गिऱ्हाइकाची वहीत सही घेतात, मशीन खोलण्याआधी तिकडे घ्यायचे तशी.

आईच्या भजनाच्या छोट्या प्लेअरसाठी मी बाबांच्या जुन्या फोनमधलं कार्ड नेलं. बाबांना जाऊन वर्ष झालं.

"ह्या कार्डाचा फॉरमॅट एक्सफॅट हाये. तुमच्या प्लेअरले फॅट बत्तीसच चालते. फॉरमॅट मारला का सप्पा साफ," ते म्हणाले. "अंदर काय हाये, पाह्यलं का ताई?"

"रिकामंच असेल."

"असेल नाही. पाह्यलं का?"

मी चिडून पेन उचललं. सही होईना, आणि आत बघायची हिंमतही होईना.

काकांचा पाय थांबला. त्यांनी खणातून प्लांटमधली, दुरुस्ती चालू असताना स्विचला लावायची लाल पाटी काढली, माझ्या कार्डाच्या डबीला दोऱ्यानं बांधली आणि डबी खिळ्याला टांगली. पाटीवर लिहिलं होतं : 'आदमी काम पर है, चालू न करें.'

आठवडा झाला, मी त्या गल्लीतून जात नाही. आई रोज प्लेअरचं विचारते. मी म्हणते, काम चालू आहे.