भावाच्या कार्डावर

कुणाच्याही दारात चपला उलट्या पडलेल्या दिसल्या की सत्याताई त्या पायानेच सरळ करायची. चहा निवल्यावर प्यायची. फोन उचलण्याआधी केस बांधायची, समोरच्याला दिसत नसलं तरी. कुठलाही कागद खालून वाचायची, सही कोणाची ते आधी बघायला. "बघू" हा शब्द तिच्याकडे नव्हता. एक तर "करते", नाहीतर "नाही". आणि एकदा लावलेलं नातं ती सोडायची नाही. दवाखान्यात झुंबरबाई नावाची एक म्हातारी पेशंट होती, तिला ही मावशी म्हणायची. मावशी बरी होऊन घरी गेली. पुढे तिच्या पणतूच्या बारशाला ही माहेरची म्हणून हजर.

सत्यशीला ठुबे. पारनेरची. नर्स. मागच्या महिन्यात इंग्लंडमध्ये, कामावरून परतताना, बसथांब्यावर कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला असं कळवलं. वय चौतीस.

तिच्याविषयी विचारलं तर गावात लोक "ती फॉरेनला गेलेली" एवढंच सांगतात. गेलं वर्षभर ती कशामागे लागली होती ते मला, तिच्या इथल्या शेजारणीला, माहीत आहे. म्हणून लिहिते.

ती तिकडे गेली ती शिकायला. व्हिसाच्या अर्जात शेवटी आरोग्याची फी असते, तिकडच्या सरकारी दवाखान्यांसाठी. जितका काळ राहायचं तितक्या काळाची, आधीच भरायची, तीही ऑनलाइन. तिचे वडील बन्सीकाका यांच्याजवळ होतं नव्हतं ते कॉलेजच्या फीमध्ये गेलं होतं. घरातलं कार्ड परदेशात चालत नव्हतं. स्टँडजवळ शमशेरभाई तांबोळींचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. सत्याताई शाळेत असल्यापासून त्यांना राखी बांधायची. ते सामान बाहेरून मागवायचे, त्यामुळे त्यांचं कार्ड चालत होतं. खात्यात नव्या वाइंडिंग मशीनसाठी ठेवलेले पैसे होते. त्यांनी नंबर टाकला, मोबाईलवरचा कोड टाकला आणि म्हणाले, "गेले पैसे. आता तू बी जा."

शिकता शिकता ती एका वृद्धाश्रमात काम करत होती. तिथेच तिला पक्की नोकरी लागली. विद्यार्थ्याचा व्हिसा जाऊन आरोग्यसेवकाचा आला. या व्हिसाला ती फी नव्हती. पण जुन्या व्हिसाची भरून ठेवलेली होती आणि त्यातले बरेच महिने शिल्लक होते. तिच्यासारख्यांना ती परत मागता येते, असं सोबतच्या नर्सने सांगितलं.

खरं तर तोवर ती कमवत होती. पगारातून तिने शमशेरभाईंना पैसे पाठवले. त्यांनी ते बन्सीकाकांच्या खात्यावर टाकले. तिने पुन्हा पाठवले. पुन्हा तेच.

"भाई, घ्या ना. उसने होते समजा."

"उसनं दिलंच न्हाई तर समजू कसं? बहिणीच्या पैशानं मशीन आणलं तर त्याच्यावर येक मोटर नीट भरायची न्हाई."

"मग जुन्या मशीनवर डोळे फोडा."

"फोडतो की. माझंच डोळं हायत."

हे ती मला फोनवर सांगत होती आणि हसत होती. मग थांबली. "मोने, ऐक. परतीचे पैसे ज्या कार्डावरून भरले त्याच कार्डावर जातात. माझे पैसे भाई बाबांच्या खात्यावर टाकतात. इथल्या सरकारला कसे परत पाठवतील?"

मी म्हटलं, केवढी कटकट आहे ही.

"करते," ती म्हणाली.

तिने पगाराच्या पावत्या काढल्या. दोन्ही व्हिसांचे कागद जोडले. आश्रमाकडून पत्र घेतलं. दावा केला. उत्तर आलं, कार्डावर नाव दुसऱ्याचं आहे, हे गृहस्थ आपले कोण? तिने लिहिलं, भाऊ. आपल्याकडचं कुणीही हेच लिहिलं असतं. पुन्हा उत्तर आलं. आडनाव जुळत नाही, वडिलांचं नाव जुळत नाही. नात्याचा पुरावा द्या, किंवा कार्डधारकाचं सहीचं पत्र पाठवा.

"मित्र लिही ना," मी म्हटलं.

"खोटं कशाला लिहू?"

"ताई, मी खरं तेच लिही म्हणतेय."

"मग भाऊच."

पत्र तिने तयार करून मला पाठवलं, इंग्रजीत आणि खाली मराठीत. यांची फी मी भरली, ती माझ्या कार्डावर परत मिळावी. मी ते घेऊन दुकानात गेले. शमशेरभाई तांब्याची तार गुंडाळत होते. मराठी वाचलं आणि कागद पक्कडीखाली ठेवला.

"परत मिळावी? मी कुठं मागितली? चहा घेणार का?"

"भाई, सही पाहिजे."

"न्हाई."

"तिनं तुम्हाला भाऊ लिहिलंय. ते विचारतायत, हा भाऊ कुठला."

त्यांनी चष्मा काढला. "कुठला म्हंजे?"

"म्हणजे नातं खरं आहे का. सही नसली तर तिनं खोटं लिहिलं असं होईल."

त्यांनी हात पुसले. कागद ओढला आणि सही केली. मग पेन न ठेवता खाली मराठीत लिहिलं, "सत्यशीला ही माझी बहीण आहे." त्यावर दुकानाचा शिक्का मारला.

"आता मशीनचं नाव काढशील तर चहा न्हाई मिळायचा," ते म्हणाले.

संध्याकाळी तिला तो कागद व्हिडिओवर दाखवला. मला वाटलं हसेल.

"शिक्का पण मारला?"

"मारला."

तिने कागद खालून वर वाचला. मग म्हणाली, "सरळ धरून फोटो काढ. अक्षर कापू नको."

पत्र चाललं. आता शेवटचं एक हवं होतं. त्या कार्डावरून त्या दिवशी पैसे गेल्याचं बँकेचं पान. खातं नगरच्या शाखेत. पान जुनं. मी जाते म्हटलं तर शमशेरभाई दुकान बंद करून स्वतः निघाले. बँकेत त्यांना दोनदा उद्या या म्हणून सांगितलं. ते दोन्ही वेळा गेले. "तिला मधी सोडायची सवय न्हाई," मला म्हणाले. "आपुन कसं सोडायचं?"

शुक्रवारी ते पान मी तिला पाठवलं. तिचा मेसेज आला. "रविवारी सुट्टी आहे. बसून जोडते."

शनिवारी ती गेली.

दहाव्याला शमशेरभाई बन्सीकाकांच्या ओट्यावर कडेला बसले होते. उठता उठता त्यांनी मला विचारलं, "ते पान गेलं का गं?"

मी नाही म्हटलं. तिच्या खात्याचा पासवर्ड तिलाच माहीत होता. दावा अजून तिच्या नावाने उघडा आहे. ते एक पान जोडायचं राहिलं आहे.