खड्ड्यापुरती मुळे

चैत्र सरता सरता नव्या राजधानीच्या रुंद रस्त्यांवर तापलेल्या मुरमाचा करपट वास पसरतो, आणि दुपारी वारा अचानक पडला की जुन्या शहरातल्या चौबे कॉलनीतल्या घरात बसूनही मला तिथले गुलमोहर दिसू लागतात. वृक्षारोपणाचा पर्यवेक्षक म्हणून ती सगळी ओळ मीच लावली आहे.

मी वऱ्हाडातला, नोकरीसाठी इकडे परराज्यात आलेला. आमच्या काळ्या जमिनीत मूळ कुठवर जाते याची चिंता कुणी करत नसे. उन्हाळ्यात तिला भेगा पडत आणि ओलीच्या शोधात मुळे पुरुषभर खाली उतरत. इथली भाठा जमीन निराळी, वीतभर लाल माती आणि खाली दगडासारखा मुरूम. मला झाडांची दया आली. मी चौकोनी खड्डे खणवले, धानाच्या शेतांतली काळी कन्हार माती आणून भरली, रोज संध्याकाळी टँकरने पाणी घातले. झाडे भराभर वाढली, माझे कौतुकही झाले. मायेने केलेली चूक फार उशिरा दिसते.

परवाच्या वावटळीत ओळीतले पहिले झाड आडवे झाले. ते मोडले नव्हते, मुळांसकट अलगद निघाले होते. आणि तो मुळांचा गड्डा चौकोनी होता, माझ्या खड्ड्याच्याच मापाचा. मऊ माती आणि रोजचे पाणी मिळालेली मुळे कुंडीतल्यासारखी आतल्या आत फिरत राहिली होती, मुरमात एकही मूळ शिरले नव्हते. पलीकडे, कुणीही न लावलेली एक बाभूळ त्याच मुरमात वाकडीतिकडी उभी होती. तिची फांदीही तुटली नव्हती. कार्यालयात मी हे सांगितले, तेव्हा सगळ्यांनी उरलेल्या झाडांच्या हिरव्या शेंड्यांकडे बोट दाखवले.

तिसऱ्या गुलमोहराखाली शांताबाईची चहाची टपरी आहे. ती गोंदियाकडची, लग्न होऊन इथे आलेली. आज दुपारी मी तिला म्हणालो, "बाई, टपरी बाभळीकडे न्या. हे झाड भरवशाचं नाही."

"काट्याखाली कोन चा पिते, भैया?" ती गंजातला चहा ढवळत हसली. "तुमीच लावलं, अन् आता तुमीच काहून भेव दाखवून राहिले?"

पश्चिमेला उरल्याच्या कारखान्यांच्या धुरामागून आभाळ तांबूस-काळे होत वर चढत होते, आणि तिच्या बाकड्यावर दोन गवंडी डोळे मिटून सावली उपभोगत होते, माझ्या हातची सावली. मी खोडावर तळहात टेकला. पाने अजून निश्चल होती. मग पहिली झुळूक आली, आणि बुंध्याशी, माझ्या चपलेखाली, जमीन झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी हलकेच वर आली आणि पुन्हा बसली.

मी गवंड्यांना उठवले आणि बाभळीकडे न्यायला बाकड्याचे एक टोक उचलून धरले. शांताबाई माझ्या पायांखाली बघत होती. तिच्या बाजूचे दुसरे टोक अजून जमिनीवरच होते.