शांतताबाईंचं शीतगृह

शांतताबाईंचं खरं नाव वाचनालयाच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच ते सुखात होतं. बाकी सगळं शहर त्यांना शांतताबाईच म्हणायचं. वाचनालयाच्या प्रत्येक भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती, आणि पाटीवर भागलं नाही तर बाई होत्याच. त्या कधी ओरडत नसत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून नुसत्या बघत, आणि बोलणाऱ्याला शाळेत असताना केलेले गुन्हेसुद्धा आठवायला लागत. एकदा म्हणे त्यांनी भिंतीवरच्या पालीकडे तसं बघितलं, तर ती चुकचुकायची थांबली. हे सांगणारा गृहस्थ पुस्तकं उशिरा परत करणाऱ्यांपैकी होता, तेव्हा त्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

अशा या बाईंच्या वाचनालयात लोकांनी येऊन दुपारभर बसावं, बोलावं आणि वाटल्यास झोपावं, असा नगरपालिकेचा हुकूम निघाला.

हुकुमामागचं कारण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात अशी काही लाट आली की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं आणि नळाचं पाणी संध्याकाळीसुद्धा गरम यायचं. पत्र्याखाली राहणारी म्हातारी माणसं आपापल्या खोल्यांत गुपचूप दगावली. कुणी पडलं नाही, कुणी ओरडलं नाही. बाईंचे थोरले भाऊ ज्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत, तिथेच त्यांच्या शेजारचे घड्याळजी, बायको बाजारात असताना, असेच गेले. समोर उघडं घड्याळ, हातात चिमटा, डोक्यावर पंखा चालू. दार ढकलून आत पहिले गेले ते बाईंचे भाऊ. त्या दिवसाबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि बाईंनीही विचारलं नाही.

मग नगरपालिकेला जाग आली. उष्णता अधिकारी असं नवं पद निघालं आणि त्यावर एक तरुण, हसतमुख बाई नेमल्या गेल्या. लोक त्यांना उन्हाच्या मॅडम म्हणू लागले, आणि ऊन त्यांनीच पाठवलं असल्यासारखी त्यांच्याकडे तक्रार करू लागले. मॅडमनी दुनियेतल्या शहरांनी काय काय केलं ते गोळा केलं. कुठे छपरं पांढरी रंगवली होती, कुठे मजुरांचं दुपारचं काम बंद केलं होतं, कुठे लाट यायच्या आधीच एकट्या राहणाऱ्यांच्या दारावर माणूस पाठवत होते. आपल्याकडे सुरुवात म्हणून जाड दगडी भिंतींचं, उंच छताचं वाचनालय निवडलं. त्यात थंड हवेची दोन यंत्रं बसवली, पाण्याचे माठ ठेवले आणि दारावर ही भली मोठी पाटी लावली: 'शीतगृह. नागरीकांना विनामुल्य प्रवेश.'

बाईंनी पाटी वाचली आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. पण पाटी पाल नव्हती.

"मॅडम, शीतगृहात बटाटे ठेवतात," त्या म्हणाल्या.

"अहो, अर्थ कळतो ना लोकांना," मॅडम हसून म्हणाल्या. "घाईत झालंय. पुढे बदलू."

लोकांना अर्थ कळला आणि तिथेच घोडं अडलं. 'आज शीतगृहात का, किती किलो?' असं जो तो ज्याला त्याला विचारू लागला. हॉलमध्ये येत ती नेहमीचीच माणसं, म्हणजे जी वर्तमानपत्र वाचायला आणि घरचं काम चुकवायला एरवीही येत. जिच्यासाठी हा खटाटोप होता ती म्हातारी मंडळी पत्र्याखालीच भाजत बसली.

त्यांचे म्होरके बाईंचे सख्खे भाऊ.

दादा आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातल्या चुका काढायच्या हेच काम, आणि निवृत्त झाल्यावरही ते काही सुटलं नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबल ते पेन्सिल घेऊन वाचत. त्यांच्या निरोप समारंभात छापलेलं मानपत्र त्यांनी सत्कार चालू असतानाच दुरुस्त करून वक्त्याच्या हातात परत दिलं होतं. बायको वारल्यापासून ते त्या वरच्या खोलीत एकटे राहत. बाई त्यांना आपल्याकडे चला म्हणून सांगून थकल्या होत्या. 'तुझ्या घरी माणसाने खोकायचं कुठे?' असं विचारून ते विषय संपवत.

या उन्हाळ्याची पहिली लाट जाहीर झाली तशा बाई जिना चढून वर गेल्या. खोलीत पाय ठेवताच चेहऱ्यावर भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आली. दादा ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले होते.

"दादा, दुपारपुरता तरी वाचनालयात ये."

"कुठे? शीतगृहात? मी काय बटाटा आहे?"

"नावात काय ठेवलंय आता."

"तू वाचनालयात नोकरी करतेस ना, चिमे? आणि मला विचारतेस नावात काय ठेवलंय?" दादा म्हणाले. "शिवाय नागरिकांतला 'रि' दीर्घ आणि विनामूल्यातला 'मू' ऱ्हस्व. अशा दारातून मी आत जात नाही."

बाई जिना उतरल्या त्या घाबरूनच. दादांचा आवाज ठणठणीत होता, पण पेल्यातलं निम्मं पाणी ओठांपर्यंत जाता जाता सदऱ्यावर सांडलं होतं, आणि ते बाईंनी पाहिलं होतं. घड्याळजींचाही आवाज आदल्या दिवशी ठणठणीतच होता. दादा त्याच रस्त्याने जाणार, आणि गेले तर त्याला एक दीर्घ वेलांटी कारण होणार, या विचाराने त्यांना रडू येत होतं आणि हसूही.

पण बाई दादांच्या बहीण होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी उन्हाच्या मॅडमना गाठलं. नगरपालिका एक पुस्तिका काढणार होती, हवामान बदलतंय म्हणजे काय, जग त्यावर काय करतंय, आणि आपण काय करावं. तिचा हाताने लिहिलेला कच्चा मसुदा मॅडमच्या टेबलावर होता. बाईंनी तो चाळला आणि इतक्या चुका एकत्र बघून त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

"हे तपासायला माझ्याकडे माणूस आहे," त्या म्हणाल्या. "फक्त एक अट घाला. कागद वाचनालयाबाहेर जायचे नाहीत."

निरोप पोचला तसे दादा खाली उतरले. पाटीखालून जाताना त्यांनी डोळे मिटले, असं दारावरच्या शिपायाने नंतर सांगितलं. यंत्राच्या थेट समोरचं टेबल बाईंनी आधीच राखून ठेवलं होतं.

पहिल्या पानावर 'जागतिक हवापालट' असा मथळा होता. दादांनी पेन्सिल खाली ठेवली.

"हवापालटाला माणसं थंड हवेच्या ठिकाणी जातात, मॅडम. हे वाचून लोक सामान बांधतील."

पुढे लिहिलं होतं की काही देशांत उष्णतेच्या लाटेला वादळासारखं नाव ठेवतात. "त्यांच्याकडे नाव ठेवतात," दादा म्हणाले, "आपल्याकडे नुसती नावं ठेवतात." हरितगृह वायूंच्या परिच्छेदापाशी ते बराच वेळ थांबले. "वायू हरितगृहात आणि आम्ही शीतगृहात. घरं वाटताना तरी जरा बघायचं." उन्हाच्या मॅडम तोंडावर हात ठेवून हसत होत्या. शांतताबाईंनी त्या दोघांकडे चष्म्यावरून बघायला हवं होतं. त्या दिवशी त्यांनी कपाटाकडे तोंड करून पुस्तकं लावली.

असे दिवस जात राहिले. बाहेर झाडांची पानं करपत होती आणि आत दादांच्या गालावर रंग येत होता. एकच पंचाईत होती. दादांचा हात फार जलद होता, आणि या वेगाने पुस्तिका लाट ओसरायच्या आधीच संपणार होती. मग बाईंनी एक पाप केलं. सकाळी वाचनालय उघडलं की त्या दादांची तपासलेली पानं काढत, खोडरबर घेत, आणि इकडची वेलांटी तिकडे करून ठेवत. आयुष्यभर ज्या बाईंनी शाईचा डाग पडलेलं पुस्तक परत घेतलं नाही त्या आता 'तीव्र'चा 'तिव्र' करत होत्या.  मनात त्या प्रत्येक शब्दाची माफी मागायच्या.

दादा तीच चूक पुन्हा दुरुस्त करत. आणि पान उलटत.

एक काम मात्र त्यांनी स्वतःच अडवून धरलं होतं. पाटीसाठी आणि पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी शीतगृहाला दुसरा शब्द हवा होता, आणि तो त्यांना सापडत नव्हता. मॅडम रोज विचारत.

"गारवा केंद्र?"

"सरबताचं दुकान वाटतं."

"निवारा?"

"ज्यांना घर आहे ते येणार नाहीत."

"थंडावा कक्ष?"

"बघतो. शब्द काय झाडाला लागतात?"

तोवर जुनी पाटी दारावर तशीच होती.

मग लाटेने कहर केला. मॅडमनी सगळीकडे लाल इशारा लावला आणि हॉलमध्ये येऊन धपकन खुर्चीत बसल्या. "सगळं आहे," त्या म्हणाल्या, "हवा आहे, पाणी आहे, डॉक्टर आहे. माणसंच येत नाहीत." त्या हसत नव्हत्या.

बाईंना घड्याळवहिनींची आठवण झाली. घड्याळजींच्या मागे त्या दादांच्या शेजारच्या खोलीत एकट्याच राहत होत्या, त्याच पत्र्याखाली. बाईंनी छत्री घेतली आणि भर उन्हात त्या इमारतीकडे गेल्या.

परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघून दादांनी मान वर केली.

"काय झालं? नाही आल्या?"

"नाही." बाई समोर बसल्या. हॉलमध्ये कुणीतरी मोठ्याने बोलत होतं, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "मी म्हटलं, बटाट्यांचं मनावर घेऊ नका, लोक थट्टा करतात. त्या म्हणाल्या, बटाटे कसले? ह्यांना इस्पितळात नेलं, तेव्हा मी विचारलं कुठे ठेवलंय, तर तिथला माणूस म्हणाला, शीतगृहात. तिथे मी एकदा जाऊन आले. आता पुन्हा त्या नावाच्या दारातून आत जायला लावू नका."

 दादा पेन्सिल बोटांत फिरवत राहिले. बाईंना वाटलं आता काहीतरी तिरकस येणार, पण आलं नाही. त्यांनी मुखपृष्ठाचं पान ओढलं, शीतगृहावर काट मारली आणि शेजारी सरळ अक्षरात 'बैठक' लिहिलं.

"दुपारची बैठक," ते म्हणाले. "बैठकीला जायला कुणाला लाज वाटत नाही. उलट माणूस घाईने जातो."

"छान आहे," मॅडम पुढे होऊन म्हणाल्या. "आज सुचलं?"

"पहिल्या दिवशी." दादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शब्द दिला की काम संपणार. काम संपलं की मी इथे कशाला यायचं? म्हणून ठेवला होता खिशात. मी आपला इथे गार हवेत विनोद करत बसलो, आणि त्या तिथे."

बाईंनी मुखपृष्ठाचं पान आपल्याकडे ओढलं आणि 'बैठक' पुन्हा वाचलं.

"आणि चिमे, त्या वेलांट्या तू फिरवतेस ते मला कळतं. तुझी वेलांटी लहानपणापासून डावीकडे कलते."

"मग बोलला का नाहीस?"

"कशासाठी फिरवतेस तेही कळत होतं ना."

दादा उठले. बाहेर जाताना त्यांनी शिपायाला पाटी उतरवायला लावली, ती खाली आल्याची खात्री केली आणि छत्री न घेताच रस्त्याला लागले. बाई मागे धावल्या. वाचनालय त्यांनी उन्हाच्या मॅडमवर टाकलं, आणि नोकरीत पहिल्यांदाच 'शांतता राखा' असं सांगायला विसरल्या.

जिन्यात दादा दोनदा थांबले. त्यांना धाप लागली होती, पण बाईंनी पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. शेजारच्या दारावर त्यांनी हलकेच वाजवलं. मग आत कुणाची चाहूल लागेपर्यंत ते डोळे मिटून उभे होते. याच दारात ते मागच्या उन्हाळ्यात उभे होते, आणि तेव्हा आतून चाहूल आली नव्हती, हे बाईंच्या आत्ता लक्षात आलं.

घड्याळवहिनींनी दार उघडलं. पदराने घाम पुसत त्या दोघांकडे बघत राहिल्या.

"वहिनी, पाटी काढली," दादा म्हणाले. "आता तिथे बैठक असते. दुपारची."

"बैठकीत माझं काय काम?"

दादांकडे याचं उत्तर होतं. चांगली दहा उत्तरं असतील, सगळी शुद्ध. त्यांनी त्यातलं एकही दिलं नाही.

"मला वर भीती वाटते," ते म्हणाले. "तो गेल्यापासून रोज दुपारी वाटते. पंखा चालू असतो आणि मी तुमच्या खोलीतला आवाज ऐकत बसतो, भांडं वाजतंय का, तुम्ही खोकताय का. आज काम संपलं, आता तिथे जायला मला निमित्त नाही. तुम्ही आलात तर तुम्हाला सोडायला म्हणून मी रोज येईन."

वहिनींनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान खाली घातली होती.

"मीही तेच करते," वहिनी म्हणाल्या. "तुमचं खोकणं ऐकते. नाही ऐकू आलं तर भिंतीला कान लावते."

मग त्या आत गेल्या, त्यांनी पंखा बंद केला आणि कुलूप शोधायला लागल्या.