केजच्या रानात टिक्का घेऊन

छकड्याचं छप्पर मी विणलं, खुंट्या मीच तासल्या, फुलातले केसर काढायचा बांबूचा चिमटाही माझ्याच हातचा. त्या चिमट्यानं दोन वाणांची फुलं जुळवून काढलेला भुईमूग आमच्या चकलांब्यात टिक्क्याला पुरून उरला. टिक्का म्हणजे पानावरचे काळे ठिपके. पान गळतं, शेंग पोचट राहते. केजला थोरल्या बहिणीनं, आक्कानं, तेच बी पेरलं होतं. तिथल्या काळ्या रानात ते टिकतं का, हे पाहायला भाद्रपदात निघालो. सोबत पोतंभर रोगट पाला.

गेवराईहून बीडपर्यंत सडक बरी. पैसे हाली, म्हणजे निजामी नाण्यात, ठेवावेत, इंग्रजी रुपया मोडताना घासाघीस होते. सराईत कडबा दोन आण्यांना मिळाला. नाक्यावर शिपायानं पोतं चाचपलं.

"काय हाय बे ह्यात?"

"रोग."

"त्याला जकात न्हाई. जा."

मांजरसुंब्याच्या घाटात धुकं इतकं, की बैल दिसेनात, नुसती घुंगरं पुढं चाललेली. नेकनूरला दही-भाकरी खाऊन डुलकी लागली, डोळे उघडले ते केजच्या वेशीत.

"लोकांचा भाऊ लुगडं आणतो," आक्का म्हणाली, "तू रोग आणलास व्हय रं?"

"तुझ्याच रानात टाकायचा हाय. बी टिकलं न्हाई तर मी खोटा ठरंन."

"तू खोटा ठरशील, माझी चूल इझंल."

तरी पाल्यावर पाणी शिंपडायला तीच आली.

सांजेला भुईमुगाची पानं मिटतात. बांधावर बसलं की सगळं रान हळूहळू डोळे मिटतंय असं वाटे, आणि आपलेही जड होत. मग ठिपके उठले. आधी शेजारी पेरलेल्या गावरान वाणाच्या ओळींवर, नंतर माझ्याही. एकेक पान उलटून पाहिलं. मोजकीच झुडपं निखळ हिरवी राहिली. त्यांना लाल दोरा बांधला.

"इतकीच?"

"इतकी तर हायत, आक्का."

खणणी होईपर्यंत थांबलो. दोऱ्याच्या झुडपांच्या शेंगा टोपलीत घेतल्या, बाकीच्या आक्काच्या घरी घाण्याला गेल्या.

आता त्या शेंगा आमच्या ओसरीवर वाळताहेत. अजूनही दुपारी कलंडलो की ते धुकं डोळ्यांपुढं येतं. मृगात पुन्हा पेरीन, पुन्हा पाला टाकीन. घाण्याला घालण्याआधी एका आडत्यानं सगळं बी, रोगट-निरोगी एकत्रच, माझ्या नावानं विकायला मागितलं होतं.

"कावून नको म्हणलास?" आक्कानं विचारलं.

"पुढच्या साली लोकांच्या रानात टिक्का येईल, आन् नाव माझं राहील."

आडत्या देत होता ती रक्कम तीनशे रुपये, हाली, रोख.