जीपमधून काढलेला पट्टा

बाळांनो, सेलूच्या शेतावरच्या शेडमध्ये तुमच्या आजोबांनी छोटं विमान बांधलं, ते तुम्ही फोटोत पाहिलंच आहे. त्यातल्या चालकाच्या सीटला त्यांनी जो पट्टा लावला होता, तो अपघातात चेपलेल्या एका जीपमधून काढलेला होता.

"अगं, यानं एकदा माणूस वाचवला. हा पास झालेला हाय," ते अभिमानानं म्हणाले.

मी त्यांना विमान बांधणीची पुस्तिका वाचून दाखवली. असा झटका बसलेला पट्टा आतून ताणलेला असतो, तो पुन्हा वापरायचा नाही. शिवाय खांद्यांवरूनही पट्टे हवेत, आणि ते विमानाच्या सांगाड्यालाच पक्के करायचे.

"तू तं मास्तरीणच झाली."

"अहो, जमिनीवर आपटलात तर फेरपरीक्षा नसते."

मग पाना घेऊन त्यांनी स्वतःच तो पट्टा उतरवला. पंधरा दिवसांनी नव्या पट्ट्यांचे दोन संच आले.

"दोन कशाला?"

"बाजूच्या सीटवर तू बसशील ना!"

आता रोज सकाळी ते मला उडायला कधी येतेस म्हणून विचारतात. पट्टे मीच इतके भक्कम बसवून घेतले आहेत, की नाही म्हणायला कारण सापडत नाही.