दानियलजींच्या खिशातला कांदा

आधीच सांगून टाकतो — मी भूतखेत, नवस, करणी यातलं काहीच मानत नाही. आमचं घर बौद्ध. वडिलांनी देवांच्या तसबिरी काढल्या तेव्हा स्वर्ग-नरकही त्यांच्यासोबतच गेले. तेव्हा खालची हकीकत वाचून कुणी "तुम्हीसुद्धा?" असं विचारलं तर मी विषय बदलतो. चव मात्र अजून जिभेवर आहे.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी मूळचा सौसरकडचा, लोधीखेड्याचा. नोकरी पांढुर्ण्याला, सरकारी कचेरीत. जाम नदीच्या बाजूला एका रिटायर्ड नर्सबाईंच्या घरात भाड्याने राहायचो. अख्खं गाव त्यांना 'सिस्टर' म्हणायचं, मीही म्हणायचो. त्यांचे यजमान दानियलजी त्याच वर्षी थंडी संपता संपता वारले होते. माणूस दिलदार, पण जन्माने ख्रिस्ती असूनही चर्चची पायरी कधी चढला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून होणाऱ्या दगडफेकीच्या जत्रेला, मात्र न चुकता हजर. सावरगाववाल्यांवर दगड कमी आणि शिव्या जास्त फेकायचे. शेवटच्या दुखण्यात सौसरचे पादरीसाहेब प्रार्थनेला आले, तर यांनी त्यांच्या हातात पत्ते दिले — आधी पिसा म्हणे.

पादरीसाहेब मनाचे वाईट नव्हते, पण त्यांच्या उपदेशात नरक फार. दानियलजींच्या मयतीलाही त्यांनी सांगितलंच... पश्चात्ताप न करता गेलेल्याला आग आहे, आणि ती आग कधीच विझत नाही. लोकांनी माना खाली घातल्या. सिस्टरांनी मात्र डॉक्टरने रोग्याचं सांगावं आणि नर्सने ऐकावं तसं ते नीट ऐकून घेतलं.

मे महिना लागला. सिस्टर रोज संध्याकाळी मला भाकरीबरोबर भाजलेल्या कांद्याची चटणी देऊ लागल्या. काय चव होती! एकदा सहज विचारलं, तुमची चूल तर दुपारपासून थंड असते, मग कांदा भाजता कुठे? त्यांनी खुंटीकडे बोट दाखवलं. तिथे दानियलजींचा चौकटीचा शर्ट टांगलेला होता.

आपल्याकडे उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात, ऊन तो ओढून घेतो म्हणतात. सिस्टर रोज सकाळी त्या शर्टाच्या खिशात एक कांदा ठेवत होत्या.

"भाऊ, इथल्या उन्हाले कांदा चालते, तर तिथल्या आगीले काहून नाही चालणार?" त्या म्हणाल्या. "पाहा ना, रोज भाजून निघते."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. म्हणजे इतके दिवस मी जे मिटक्या मारत खात होतो ते... मी म्हटलं, मग त्याची चटणी कशाला करता? तर म्हणे, चांगला कांदा वाया काहून घालवायचा.

मला वाटलं, दुःखाने बाईंचं डोकं फिरलं, गुपचूप शेगडीवर भाजत असतील. म्हणून दुसऱ्या दिवशी तो शर्ट मागून घेतला आणि माझ्या खोलीत टांगला. कांदा माझा, बाजारातून आणलेला, त्यावर नखाने खूण केलेली. शेजारी माझाही शर्ट टांगला, त्यातही एक कांदा. खोलीला कुलूप लावून ऑफिसला गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तर दानियलजींच्या खिशातला कांदा साल करपलेला, आतून लोण्यासारखा मऊ. खूण तशीच, आणि शर्टाला साधा डागही नाही. माझ्या खिशातला मात्र कच्चा. खोटं कशाला बोलू, मी नरक मानत नाही, तरी फार हायसं वाटलं.

सिस्टर मात्र रोज तो कांदा हातात घेऊन रडायच्या. त्यांच्यासाठी ती चटणी नव्हती, नवऱ्याचा ताप होता. ताप उतरू दे, एवढंच त्या येशूकडे मागायच्या. आणि नवतपा, मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सरत आला तसा कांदा खरंच कमी भाजू लागला. आधी करपणं गेलं, मग नुसता कोमट... शेवटी एके दिवशी चक्क कच्चा निघाला. सिस्टर देवाचे आभार मानत खुंटीखालीच बसल्या.

रविवारी त्यांनी ही गोष्ट पादरीसाहेबांना सांगितली. ते संतापले. नरकातून सुटका नसते, हा सैतानाचा खेळ आहे म्हणाले, आणि सौसरची बस धरून निघून गेले.

चार-पाच दिवसांनी भर दुपारी परत आले, हातात पिशवी. पिशवीत एक जुनी, मळकी बंडी.

"माझ्या बापाची हाय," ते खाली पाहून म्हणाले. "तिगावले संत्र्याची बाग होती त्याची. मी पादरी झालो, पण त्यानं काही बाप्तिस्मा घेतला नाही. मेला तसाच. मले... मले फक्त समजलं पाहिजे."

सिस्टरांनी बंडी दुसऱ्या खुंटीला टांगली आणि खिशात कांदा ठेवला. पादरीसाहेब ओट्यावर बसून राहिले. मी जेवायला घरी आलो होतो, तो ऑफिसला परत गेलोच नाही. ऊन कललं तेव्हा सिस्टर आत गेल्या, मी मागोमाग. खोलीभर खरपूस वास. त्यांनी खिशातला कांदा काढून पदराखाली घेतला, टोपलीतला एक दुसरा उचलला आणि बाहेर जाऊन पादरीसाहेबांच्या हातावर ठेवला. कच्चा, कडक.

तो मोठा माणूस ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला.

"बंडी राहू द्या इथंच," सिस्टर म्हणाल्या. "शिवण उसवली हाय, शिवून ठेवतो."

ते गेल्यावर मी विचारलं, खोटं का बोललात? त्या चटणी वाटत होत्या.

"जिंदगीभर नर्स होती मी, भाऊ. नातेवाईक वॉर्डाबाहेर बसून राहायचे. पेशंट कसाही असो, त्यायले एकच सांगायची — सुधारून राहिले. मंग आत जाऊन काम करायची."

पुढच्या रविवारी पादरीसाहेब नरकावर एक शब्दही बोलले नाहीत म्हणे. माझी बदली झाली तेव्हा पावसाळा तोंडावर होता, बंडी खुंटीवरच होती. कांदा का भाजायचा, मला आजही सांगता येणार नाही. निघताना मी सिस्टरांना हळूच विचारलं, पादरीसाहेबांचे वडील आता कसे आहेत?

सिस्टरांनी माझ्या डब्यात चटणी भरली, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाल्या, "सुधारून राहिले."